बाल्कनीतलं गांडूळखत: झारी जरा लांबच ठेवा

‘रोज पाणी शिंपडा’ हा सल्ला शेतातल्या गांडूळखताच्या उघड्या बेडसाठी, म्हणजे शेण-पाल्याच्या थरासाठी, तोही वैशाखात, ठीक आहे. बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या टबाला तो लावलात तर तळाशी चिखल होतो, वास सुटतो आणि गांडुळं झाकणाला जाऊन चिकटतात.

टब साधारण ४० लिटरचा घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, विटांवर सावलीत ठेवा. खाली नारळाच्या शेंड्या, त्यावर वीतभर मुरलेलं शेणखत आणि सुका पाला, निम्मानिम्मा. शेणात हात खुपसल्यावर ते गार लागलं पाहिजे. ताजं शेण तापतं, गांडुळं भाजून निघतात.

कुंडीतली गांडुळं उकरून आणू नका. ती माती खाणारी, बिळं करून राहणारी. ओल्या कचऱ्याशी त्यांना देणंघेणं नसतं. आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनिई या कचरा खाणाऱ्या जातींची हवीत. कृषी विज्ञान केंद्रात किंवा खत करणाऱ्या शेतकऱ्याकडे विचारा. पाव किलो पुरतात.

आता ओल. मला सगळ्यात जास्त छळलं ते हिनंच. गांडूळ कातडीनं श्वास घेतं, म्हणून कातडी ओली हवी. पण भोवती पाणी साचलं की हवाच उरत नाही. वरचा थर कोरडा दिसला म्हणून झारी उचलू नका, तो हमखास फसवतो. चार बोटं खालचा माल मुठीत घेऊन दाबा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब डोकावला आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकला, तर पाणी नको. भुगा झाला तरच शिंपडा. धार लागली तर टब बिघडलाय.

बहुतेक घरांत तो झारीशिवायही बिघडतो. कलिंगडाची सालं, काकडी, दुधी यांत बहुतेक पाणीच असतं. म्हणून ओल्या कचऱ्याइतकाच सुका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा सोबत गेलाच पाहिजे. यात काटकसर नको.

बिघडलेला टब ‘उन्हात ठेवा’ म्हणणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. प्लॅस्टिक तापतं आणि आतली गांडुळं मरतात. चुनाही टाकू नका. खाणं थांबवा, पुठ्ठ्याचे तुकडे भरपूर मिसळा, हातानं माल सैल करा, झाकणाऐवजी गोणपाट टाका. गांडुळं बाहेर पडायला लागली असतील तर रात्री जवळ दिवा चालू ठेवा. उजेड टाळायला ती आत शिरतात. पावसाळ्यात मी पाणी घालतच नाही. उन्हाळ्यात गोणपाट भिजवते, बेड नाही.

खाणं: एका कोपऱ्यात, थोडं, पुरून; आधीचं संपल्यावरच पुढचं. तेल-मिठाचं उरलंसुरलं, लिंबाची सालं, मिरच्या, मटण-मासे बंद.

दोन-तीन महिन्यांत माल चहापत्तीसारखा काळा, दाणेदार होतो. चार दिवस पाणी तोडा, कागदावर ढीग करून उजेडात ठेवा. गांडुळं खाली सरकतील तसतसं वरचं खत काढत जा. खत नीट न्याहाळा: लिंबाच्या आकाराचे बारीक पिवळट दाणे दिसले तर ती अंडी, त्यांना टबात परत पाठवा.

तळातून गळणारं तपकिरी पाणी पालेभाजीच्या पानांवर फवारू नका. दहापट पाणी मिसळून मातीत ओता. आणि निव्वळ गांडूळखतानं कुंडी भरू नका. ते पाणी धरून ठेवतं, मुळं गुदमरतात. मातीत चौथा हिस्सा पुरे.