कॉफीत तूप घालून व्यायामाला निघताय? या चुका टाळा

पहाटे उठायचं, काळ्या कॉफीत चमचाभर तूप नाहीतर खोबरेल घालायचं आणि ती पिऊन थेट टेकडी किंवा जिम गाठायची, अशी सवय लावून घेतलेली बरीच मंडळी आता दिसतात. वेताळ टेकडीवर म्हणा, शिवाजी पार्कात म्हणा, सकाळच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो. एक जण सांगतो, "एनर्जी जबरदस्त येते." दुसरा म्हणतो, "मला तर दोन किलोमीटरांतच मळमळायला लागलं." दोघंही खरं बोलत असतात. किती घातलं, केव्हा प्यायलं आणि त्यानंतर कोणता व्यायाम केला, यावर सगळं अवलंबून असतं.

ही पद्धत आली कुठून, ते आधी बघू. अमेरिकेतल्या डेव्ह अॅस्प्री यांनी लोणी आणि एमसीटी तेल (मध्यम लांबीच्या साखळीच्या चरबीचं तेल) घातलेली कॉफी लोकप्रिय केली. तिबेटमध्ये याकच्या लोण्याचा चहा प्यायल्यावर ही कल्पना सुचली, असं ते सांगतात. पण तिबेटी माणूस हा चहा कुठं आणि कसा पितो? चार हजार मीटरांच्या आसपासच्या पठारावर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, दिवसभराच्या कष्टांत तो थोडा थोडा प्यायला जातो. त्यात मीठ असतं, आणि बऱ्याचदा भाजलेल्या जवाचं पीठ, म्हणजे त्सांपा, त्यातच कालवून खाल्लं जातं. नक्कल करताना लोणी तेवढं उचललं गेलं, जवाचं पीठ मागंच राहिलं. पहिली चूक इथंच होते.

ताकद तुपाची आहे असं समजणं

तूप पोटात गेल्या गेल्या इंधन होत नाही. लहान आतड्यात पित्तरसानं त्याचे बारीक थेंब होतात, ते पचतात, मग लसिकावाहिन्यांच्या वाटेनं रक्तात येतात. खाल्लेल्या चरबीचं रक्तातलं प्रमाण साधारण तीन-चार तासांनी सर्वांत जास्त असतं. साडेपाचला प्यायलेल्या कॉफीतलं तूप सहाच्या धावण्याला उपयोगी पडत नाही. ते रक्तात पुरतं उतरेपर्यंत तुम्ही ऑफिसात पोचलेले असता.

मग तरतरी येते ती कशानं? कॅफिननं. थकव्याची जाणीव करून देणारं अॅडेनोसिन मेंदूत जिथं चिकटतं, ती जागा कॅफिन अडवून धरतं. अर्ध्या ते एका तासात त्याचं रक्तातलं प्रमाण शिखरावर पोचतं. श्रम तेवढेच असतात, पण कमी वाटतात. खेळाडूंवरच्या अभ्यासांत वजनाच्या दर किलोला ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिननं फरक दिसला आहे. पुष्कळांना २ मिलिग्रॅमसुद्धा पुरतं. साठ किलोच्या माणसासाठी हे झालं १२० मिलिग्रॅम. एक चमचा शुद्ध इन्स्टंट कॉफीत साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन धरा, म्हणजे दोन चमचे झाले. चिकोरी मिसळलेली पूड असेल तर हिशेब बदलतो, कारण चिकोरीत कॅफिन नसतंच. मिश्रणाचं प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. "मला कॉफीनं काहीच होत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी ते पाकीट उलटून पाहावं.

चरबीमुळे पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे कॅफिनही थोडं उशिरा चढू शकतं. जी गोष्ट काम करते, तिलाच आपण मागं खेचतो. खात्री करून घ्यायची असेल तर एक आठवडा नुसती काळी कॉफी घ्या, पुढचा आठवडा तेवढीच कॉफी चमचाभर तूप घालून. रस्ता, अंतर आणि झोप सारखी ठेवा, आणि व्यायाम कसा झाला ते रोज वहीत एका ओळीत लिहा. एवढं केलं की तुपानं नेमकं काय दिलं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

मग तूप घालायचंच नाही का? तसं नाही. त्याचं काम वेगळं आहे. भूक मागं ढकलणं, रिकाम्या पोटी होणारी कालवाकालव शमवणं, व्यायामानंतर नाश्ता लांबणार असेल तर तोवर आधार देणं, हे तूप चांगलं करतं. त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवा.

कोणत्या व्यायामाआधी?

सावकाश चालताना, गप्पा मारता येतील अशा वेगानं चढताना शरीर बऱ्यापैकी चरबी वापरतं. त्यासाठी अंगावर साठलेली चरबी असतेच. सडपातळ माणसाकडेही काही किलोंचा साठा असतो. जसजसा वेग वाढतो, श्वास लागतो, तसं शरीर कर्बोदकांकडे वळतं. स्प्रिंट, जोर-बैठका, जड वजनं, टेकडीवर पळत चढणं या सगळ्यांत स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, खर्च होतं. रात्रीच्या झोपेत यकृतातला साठा कमी होतो, पण स्नायूंतला बराचसा शाबूत राहतो. काल रात्री पोटभर भाकरी किंवा भात खाल्ला असेल, तर सकाळच्या तासाभराच्या व्यायामाला तो पुरून उरतो.

त्यामुळे रविवारी सिंहगड रमतगमत चढायचा असेल तर चमचाभर तुपाची कॉफी चालेल. पण त्याच दिवशी वेळ लावून, जीव तोडून चढणार असाल तर कॉफी काळी ठेवा आणि सोबत अर्धं केळं किंवा दोन खजूर खा. हाफ मॅरेथॉनसाठी तर हे आणखी कटाक्षानं पाळा. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच तुपाची कॉफी पिऊन बघू नका. सरावात न केलेला कोणताही प्रयोग त्या सकाळी करायचा नाही, हे मी नवख्या धावणाऱ्यांना कळकळीनं सांगते.

सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. अन्ननलिकेच्या तळाशी असलेला स्नायू कॉफीनंही सैलावतो आणि चरबीनंही. त्यात हस्तपादासनात डोकं खाली, पोट दाबलेलं. घशाशी आंबट येणारच. अशांनी नमस्कार आधी घालावेत, कॉफी नंतर घ्यावी.

चमच्याचा घोळ

इंटरनेटवरच्या कृतीत "एक-दोन टेबलस्पून लोणी आणि एक-दोन टेबलस्पून तेल" असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे चमचा म्हटलं की चहाचा चमचाही तोच आणि वाढायचा चमचाही तोच. चहाच्या सपाट चमच्यात ५ ग्रॅमच्या आसपास तूप मावतं, म्हणजे ४५ कॅलरी. टेबलस्पूनभर म्हणजे साधारण १४ ग्रॅम, सव्वाशे कॅलरी. थिजलेलं तूप शिगोशीग घेतलं तर आणखी जास्त.

एक टेबलस्पून तूप आणि एक टेबलस्पून खोबरेल घातलेला एक कप अडीचशे कॅलरींचा होतो. साठ-सत्तर किलोचा माणूस पाऊण तास झपझप चालून साधारण दोनशेच्या आसपास कॅलरी खर्च करतो. वजन उतरवायचं म्हणून ही कॉफी सुरू केलेल्यांचा काटा का हलत नाही, ते यातूनच कळतं. शिवाय ज्यांना उपास मोडायचा नाही, त्यांनी हेही समजून घ्यावं की तुपानं इन्सुलिन फारसं वाढत नसलं तरी या कॅलरी पोटात गेलेल्याच असतात.

"हेल्दी फॅट" या शब्दाचीही इथं गफलत होते. तुपात निम्म्याहून अधिक संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी असते, खोबरेलात तर ८० टक्क्यांच्या वर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त संपृक्त चरबी घेऊ नका. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे झाले २२ ग्रॅम. वर सांगितलेल्या एका कपात वीसेक ग्रॅम जातात, मग दुपारच्या वरणावरच्या तुपाला जागाच उरत नाही. म्हणून चहाचा एक सपाट चमचा, याच्या वर जाऊ नका. हृदयाला मानवणारी चरबी हवी असेल तर ती बदाम, अक्रोड, शेंगदाणे, जवस यांत आहे. ती चावून खायची, व्यायाम झाल्यावर.

चुकीचं तेल, चुकीचं लोणी

खोबरेल आणि एमसीटी तेल एकच, असा समज पक्का बसलेला आहे. एमसीटी म्हणून विकतात ते तेल मुख्यतः कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्लांचं असतं. ते आतड्यातून थेट यकृतात जातं आणि लवकर वापरलं जातं. खोबरेलात ही दोन्ही मिळून थोडीच असतात. त्यातला जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा, आणि तो पचनात बराचसा नेहमीच्या चरबीसारखाच वागतो. म्हणजे खोबरेल घालून एमसीटीच्या फायद्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही. खरं एमसीटी तेल घेणाऱ्यांनीही आशा बेतानं ठेवावी. सायकलपटूंवरच्या प्रयोगांत त्यानं कामगिरी ठळकपणे सुधारल्याचं सातत्यानं दिसलेलं नाही; मोठ्या मात्रेनं तर पोट बिघडून वेग घसरला.

विकत घेताना लेबल वाचा. डोक्याला लावायचं सुवासिक खोबरेल कॉफीत घालायचं नाही. खाद्यतेल असा उल्लेख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक बाटलीवर हवा. कोकणात, गोव्यात लाकडी घाण्याचं ताजं तेल मिळतं, ते चवीलाही छान लागतं. वनस्पती तूप म्हणजे तूप नव्हे. पावाला लावायचं पिवळं बटर खारट असतं, त्यानं कॉफी बिघडते. घरचं पांढरं लोणी नीट धुतलेलं नसेल तर त्यातल्या ताकाचा आंबटपणा कॉफीत उतरतो. साजूक तूप त्यामानानं बिनघोर.

वर तवंग येतोय?

चमच्यानं ढवळून तूप कॉफीत मिसळत नाही. पहिल्या घोटाला ओठ तेलकट होतात, मधली कॉफी पाण्यासारखी लागते आणि कप निवत आला की कडेला पिवळसर कड धरते. तुपात दुधातली प्रथिनं उरलेली नसतात, त्यामुळे थेंब धरून ठेवायला काही नसतं. उपाय अगदी घरातला आहे: उंच भांड्यात कॉफी घ्या, दोन चमचे गरम दूध घाला आणि रवीनं अर्धा-एक मिनिट जोरात घुसळा. दुधातलं केसिन हे प्रथिन तुपाचे थेंब सुटे ठेवतं, वर फेस येतो आणि कॉफी मऊसर लागते. तिबेटी लोकही त्यांचा चहा उंच लाकडी नळकांड्यात घुसळूनच करतात.

उकळती कॉफी मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवू नका. आत वाफ कोंडते, झाकण उडतं आणि हात-तोंड भाजतं. मिक्सरच हवा असेल तर कॉफी थोडी निवू द्या, भांडं अर्ध्याहून कमी भरा.

वाटेत पोटात कळ येते?

कॉफी मोठ्या आतड्याला चालना देते, तेल त्यात भर घालतं. एमसीटी तेल पहिल्याच दिवशी टेबलस्पूनभर घेतलं की जुलाब ठरलेले. सुरुवात अर्ध्या चहाच्या चमच्यानं करा, तीन-चार दिवस तेवढंच ठेवा, मग हवं तर वाढवा. कॉफी आणि व्यायाम यांत पाऊण ते एक तास ठेवा आणि घरून निघण्याआधी शौचाला वेळ द्या. उठल्यावर आधी पाणी प्या. एवढं करूनही त्रास होत असेल तर तेल बंद करा. ते सर्वांना मानवतंच असं नाही.

पण उजव्या बरगडीखाली कळ येत असेल, ती पाठीकडे किंवा खांद्याकडे जात असेल, तर कॉफीच्या कृतीत फेरफार करत बसू नका. तेलकट पोटात गेलं की पित्ताशय आकुंचन पावतं. त्यात खडे असतील तर असंच दुखतं. डॉक्टरांना दाखवा.

सकाळच्या गोळ्या

याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्या कितीतरी जणी टेकडीवर भेटतात. गोळीनंतर लगेच कॉफी प्यायली तर औषध नीट शोषलं जात नाही. मध्ये अर्धा तास तरी जाऊ द्या, तासभर गेला तर उत्तम. लोहाच्या गोळीलाही कॉफी मारक ठरते.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी नुसत्या तुपाच्या कॉफीवर व्यायामाला जाऊ नये; तूप साखर वेळेत वर आणत नाही, आणि वाटेत घाम फुटून हात थरथरायला लागले तर खिशात ग्लुकोज हवं. ग्लिफ्लोझिन गटातली (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) गोळी चालू असेल तर चरबी वाढवून कर्बोदकं तोडणं धोक्याचं ठरू शकतं, ते डॉक्टरांना विचारूनच. रक्तदाब असणाऱ्यांनी कॉफीच्या आधी आणि तासाभरानं दाब मोजून पाहावा. गरोदरपणात दिवसभराचं कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, त्यात चहाही धरायचा.

कोलेस्टेरॉल न तपासता रोज पिणं

संपृक्त चरबीनं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं, आणि न गाळलेल्या कॉफीतलं कॅफेस्टॉल हे तेलकट द्रव्य त्यात भर घालतं. फ्रेंच प्रेसची किंवा पातेल्यात उकळलेली कॉफी असेल तर कॅफेस्टॉल जास्त, कागदी फिल्टरमधून गाळलेली किंवा इन्स्टंट असेल तर अगदी कमी. पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरची जाळी ते पुरतं अडवत नाही. तूप आणि न गाळलेली कॉफी दोन्ही रोज घेणाऱ्यांचा अहवाल बिघडायला म्हणूनच वेळ लागत नाही. ही कॉफी रोजची करायची असेल तर आधी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झालेला असेल तर हे टाळू नका. एलडीएल वर गेलेलं दिसलं तर तूप काढा, कॉफी कागदी फिल्टरनं गाळा, आणि व्यायाम आहे तसा चालू ठेवा.