वाइनरीत पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

नाशिक म्हणजे रामकुंड, पंचवटी आणि येताना चिवडा, एवढंच आमच्या घरात ठाऊक. त्यामुळे गंगापूर रोडच्या एका वाइनरीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा चुकून दुसऱ्याच्याच लग्नाच्या मांडवात शिरल्यासारखं झालं. आजूबाजूची तरुण मंडळी ग्लास गरागरा फिरवत होती. आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि तिची मोठी बहीण, पर्स आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत उभे.

सगळं कळतंय असा चेहरा करणं

माझी पहिली चूक हीच. काउंटरवरच्या मुलाने थोडी वाइन ओतली आणि विचारलं, "फळाचा वास जाणवतोय का, सर?" मी गंभीरपणे मान डोलावली. कुठल्या फळाचा, असं त्याने विचारलं असतं तर माझी दांडी उडाली असती. ताईंनी मात्र ग्लासात नाक खुपसलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तर पेरू!" मुलगा एकदम खूश. ती सोव्हिन्याँ ब्लाँ या द्राक्षाची पांढरी वाइन होती आणि पेरूचा वास ही त्या द्राक्षाची जगभर मानलेली खूण आहे.

तेव्हा करवंद, कैरी, ढोबळी मिरची, जे आठवेल ते बेधडक बोला. माहितीपत्रकातल्या परदेशी बेऱ्या आपण कधी चाखलेल्याच नसतात, त्या शोधत बसू नका. आणि समोरचे सगळे पिढीजात जाणकार आहेत असंही समजू नका. नारायणगावची इंडेज ही वाइनरी १९८०च्या दशकातली, नाशिकच्या सुला वाइनरीची पहिली वाइन २०००च्या सुमाराची. ग्लास फिरवणाऱ्या त्या पोरांच्या आजोबांनीही बहुधा वाइन पाहिली नसेल.

उच्चारांचं म्हणाल तर शेनिन ब्लाँ, काबर्ने सोव्हिन्याँ. शेवटचं व्यंजन बहुधा गिळून टाकायचं, एवढं फ्रेंच पुरे. नाहीच जमलं तर यादीवर बोट ठेवून "ही द्या" म्हणा.

रेड वाइन 'खराब' ठरवणं

पहिला घोट घेतल्यावर जीभ आवळते, हिरड्या कोरड्या पडतात आणि माणूस बायकोकडे बघतो: बिघडलीय का ही? बिघडलेली नसते, ते टॅनिन असतं. ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. रेड वाइन सालीसकट आंबवतात, पांढरीसाठी बहुधा रस आधीच वेगळा काढतात, म्हणून पांढरीत ते फारसं जाणवत नाही. आपल्याला यासाठी नवा शब्द शिकायची गरज नाही. षड्रसांत तुरट आहेच. जांभळं, सुपारी, कच्चं केळं खाल्लेल्या जिभेला ही चव जुनीच आहे, फक्त ग्लासात भेटेल अशी अपेक्षा नसते. तरीही नको वाटली तर हलकी, पांढरी मागा. शेनिन ब्लाँने सुरुवात केलेले बरेच जण सुखात असतात.

मिसळ खाऊन टेस्टिंगला जाणं

नाशिकला जाऊन मिसळ खाऊ नका, असं सांगायची माझी छाती नाही. पण आम्ही दहाला तर्री ओरपली आणि अकराला काउंटरवर होतो. तोंड आधीच पेटलेलं, त्यात अल्कोहोल आणखी चटका देतं, आणि पुढच्या तिन्ही वाइन मला सारख्याच लागल्या. मिसळ दुसऱ्या दिवशी ठेवा, त्या सकाळी पोहे किंवा साधा टोस्ट. मोगऱ्याचा गजरा आणि अत्तरही त्या दिवशी घरीच राहू द्या, कारण वाइनचं अर्धं काम नाकाकडे असतं.

सगळं संपवलंच पाहिजे असं वाटणं

ताटात टाकायचं नाही हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं. टेस्टिंगमध्ये साधारण तीस मिलिलिटरचा एकेक घोट ओततात. सहा वाइन चाखल्या की एकशे ऐंशी, म्हणजे एक भरलेला ग्लास आणि वर थोडी. काउंटरवर ठेवलेलं भांडं उरलेली ओतायला किंवा चूळ टाकायला असतं. (शेजारच्या एका काकांनी ते पाण्याचा जग समजून उचललं होतं. वेळीच थांबवलं.) रस्त्यावर बिनदिक्कत थुंकणारे आपण इथे नेमके संकोचतो, याची मला गंमत वाटते.

गाडी चालवणाऱ्याने तर ओतूनच द्यावी, किंवा चाखूच नये. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम आहे, आणि मुंबईकरांना पुढे कसारा घाटही उतरायचा असतो. परतीची गाडी आधीच ठरवा. संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला रिक्षा मिळेलच असं धरून चालू नका.

न पिणारं कुणी सोबत असेल तर त्याला कानकोंडं व्हायचं कारण नाही. टाक्या, पिंपं आणि बाग बघण्यात तास सहज जातो.

चुकीच्या महिन्यात जाऊन हिरमुसणं

जुलैत जाऊन "द्राक्षं कुठायत?" विचारणारे पुष्कळ. फ्रान्समधल्या बोर्दोला द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. नाशिकला कडाक्याची थंडी नाही, त्यामुळे वेल झोपत नाही आणि शेतकरी तिला दोनदा छाटतो: एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. घड बघायचे तर जानेवारी ते मार्च गाठा. फक्त २६ जानेवारीची जोडसुट्टी बघून धावू नका, त्या दिवशी ड्राय डे असतो. आणि काळ्या मातीत उंच टाचा रुततात. साध्या चपला बऱ्या.

बाटली डिकीत टाकून फिरणं

ही चूक आम्हाला दोन आठवड्यांनी कळली. मोठ्या हौसेने शिराझ या रेड वाइनची बाटली घेतली, डिकीत टाकली आणि मार्चच्या भर दुपारी त्र्यंबकेश्वरला गेलो. दर्शनाची रांग तीन तास, गाडी उन्हात. जाताना जाड टॉवेल आणि थर्माकोलचा डबा न्यायला हवा होता, किंवा देव आधी आणि वाइनरी नंतर ठेवायला हवी होती. घरी बाटली काढली तर उष्णतेने बूच थोडं वर आलेलं. मी पुन्हा जाणकाराचा चेहरा करून ग्लास फिरवला. ताईंनी माझ्या हातातून तो घेतला, वास घेतला आणि म्हणाल्या, "मुरांबा."