घरातली स्त्री बेपत्ता झाल्यास: महानंद नाईक प्रकरणानंतर गोव्यातील कुटुंबांनी काय करावे

शिरोड्याचा रिक्षाचालक महानंद नाईक 2009 मध्ये पकडला गेला, तेव्हा 1994 पासून 16 स्त्रियांचे खून केल्याचा आरोप त्याच्यावर आला. लग्नाचे आमिष दाखवायचे, दागिने घालून यायला सांगायचे, निर्जन जागी ओढणीने गळा आवळायचा आणि सोने विकून टाकायचे, अशी त्याची पद्धत पोलिसांनी मांडली. काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली, तर अनेकांत पुराव्याअभावी तो सुटला.

‘पळून गेली असेल’ या समजुतीने आणि लोक काय म्हणतील या धास्तीने घरच्यांनी तक्रार लांबवू नये. चोवीस तास थांबण्याची अट कायद्यात नाही. लगेच 112 वर फोन करावा किंवा जवळचे पोलीस ठाणे गाठावे. बेपत्ता मुलगी अठराच्या आतली असेल, तर अपहरणाचा गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरावा. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, फिर्याद घेण्यास ठाण्याने नकार दिला, तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते.

तक्रारीत अंगावरच्या दागिन्यांचे वर्णन सविस्तर द्यावे, कारण मृतदेहाची ओळख पटत नाही तेव्हा विकलेले सोनेच तपासाला दिशा देऊ शकते: बांगड्यांवरची नक्षी, साखळीचे वजन, डूल दुरुस्त केल्याची डागणी, सोनाराची पावती, आणि ते दागिने स्पष्ट दिसतील असा एखाद्या लग्नातला फोटो. कोणी लग्नाचा शब्द दिला होता का, हे मैत्रिणींना न रागावता विचारावे आणि मिळालेले नाव संकोच न करता पोलिसांना सांगावे. अर्जाची पोच सही-शिक्क्यानिशी घ्यावी.