एकच महागडे घड्याळ रोज वापरताना या चुका टाळा

एक चांगले यांत्रिक घड्याळ रोजच्या वापराला पुरते का, या प्रश्नाला माझे उत्तर ठाम होकाराचे आहे. कामाचा दिवस, प्रवास, पाऊस, समारंभ, सुट्टी या सगळ्यांना एकच घड्याळ वर्षानुवर्षे साथ देऊ शकते. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र ‘हे रोज वापरण्यासारखे नाही’ अशी तक्रार घेऊन लोक सतत येतात, आणि घड्याळ उघडून पाहिले की बहुतेक वेळा दोष निवडीत किंवा हाताळणीत सापडतो. त्याच त्या चुका पुन्हापुन्हा पाहून जीव उबगला आहे, म्हणून त्या येथे लिहून काढत आहे.

समारंभाचे घड्याळ रोजच्या कामाला जुंपणे

घड्याळ एकच घ्यायचे असेल, तर ते आपल्या सर्वांत धकाधकीच्या दिवसाकडे पाहून निवडावे. लोक मात्र वर्षातून दोनदा येणाऱ्या समारंभाकडे पाहून निवडतात. सोन्याची केस (म्हणजे यंत्राभोवतीचे धातूचे कवच), चामड्याचा पट्टा, नाजूक काटे आणि पाण्यापासून संरक्षणाचा ३० मीटरचा शिक्का असलेले घड्याळ देखणे असते, परंतु घाम आणि नळाचे पाणी रोज सोसण्यासाठी ते घडवलेले नसते. १८ कॅरेट सोन्यात ७५ टक्के शुद्ध सोने असते. पोलादाच्या मानाने ते मऊच, त्यामुळे टेबलाच्या कडेवर लागलेली प्रत्येक ठोकर त्यावर उमटते. रोलेक्स एक्सप्लोररसारखे १०० मीटरचे किंवा ओमेगा ॲक्वा टेराच्या १५० मीटरच्या श्रेणीतले, पोलादी, साधी तबकडी असलेले घड्याळ शर्टाच्या बाहीखाली सहज जाते, पावसात चालते आणि समारंभातही खुलते. रोजच्या एकमेव घड्याळात क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय) किंवा पर्पेच्युअल कॅलेंडर (महिन्यांचे कमी-जास्त दिवस आपोआप सांभाळणारी दिनदर्शिका) घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण जितके भाग जास्त तितके सर्व्हिसिंग किचकट आणि खर्चिक.

आकाराबाबत एवढेच सांगतो की केवळ व्यास पाहून खरेदी करू नये. पट्टा जोडणाऱ्या वरच्या आणि खालच्या टोकांमधले अंतर मनगटाच्या रुंदीत मावले पाहिजे.

क्राऊन (वेळ लावायची बाजूची चावी) अर्धवट ठेवणे आणि मीटरच्या आकड्यावर विसंबणे

सर्वांत जास्त घड्याळे या एका निष्काळजीपणाने बिघडतात. तबकडीवरचे ‘१०० मीटर’ म्हणजे १०० मीटर खोल जाण्याचा परवाना नव्हे. गॅस्केट (सांध्यातून पाणी रोखणारे कडे) नवे आहे, केस नीट बंद आहे आणि क्राऊन पूर्ण आवळलेला आहे, अशा स्थितीत घड्याळाने सुमारे १० बारचा दाब सोसला, इतकाच त्याचा अर्थ होतो. गॅस्केट हा रबरासारखा पदार्थ आहे. उष्णता, साबण आणि काळ यांनी तो कडक होतो. गरम पाण्याने आंघोळ करताना घड्याळ हातात ठेवणारे लोक ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ असे म्हणतात, तेव्हा त्यांचे गॅस्केट किती झिजले आहे हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. १९२६ साली रोलेक्सने ऑयस्टर केस आणली आणि पुढच्याच वर्षी जलतरणपटू मर्सिडीज ग्लाइट्झ हिने त्या केसचे घड्याळ गळ्यात घालून इंग्लिश खाडीच्या थंडगार पाण्यात कित्येक तास काढले. त्या केसची सारी मदार आवळून बंद होणाऱ्या क्राऊनवर होती, आणि आजच्या अशा घड्याळांचीही तीच आहे. तो उघडा राहिला, तर केसवर लिहिलेल्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

एक गृहस्थ असेच एक उत्तम घड्याळ घेऊन आले होते. प्रवासात त्यांनी वेळ बदलली, क्राऊन आत ढकलला, पण आवळला नाही. तसेच हात धुणे, भांडी विसळणे सुरू राहिले. एका सकाळी तारखेच्या खिडकीजवळ काचेच्या आतून धुके दिसले. दुपारपर्यंत ते नाहीसे झाले, म्हणून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग कोणीतरी घड्याळ तांदळात पुरून ठेवायला सांगितले आणि त्यांनी तेही केले. काही आठवड्यांनी सेकंद काटा अडखळू लागला, तेव्हा ते माझ्याकडे आले.

मागचे झाकण काढले तेव्हा वरून यंत्र चकचकीत दिसत होते. तबकडी उतरवल्यावर खरा प्रकार उघड झाला. क्राऊनच्या दांडीचे आटे तपकिरी पडले होते, वेळ लावण्याच्या यंत्रणेतल्या बारीक स्प्रिंगवर गंज फुलला होता आणि तारखेच्या चकतीवर डागांची कड उमटली होती. दांडी बाहेर काढताना ती मधोमध तुटली. गंजाची पूड चाकांच्या टोकांपर्यंत, म्हणजे जिथे केसाइतक्या बारीक पिव्हटला (चाकाच्या आसाच्या टोकाला) तेलाचा थेंब हवा असतो तिथपर्यंत पोहोचली होती. दांडी, क्राऊन, स्प्रिंग, तारखेची चकती असे बरेच भाग बदलावे लागले. तबकडी मात्र डागाळली ती कायमचीच.

धुके नाहीसे झाले म्हणजे ओल गेली, हा समज मोडून काढणे फार आवश्यक आहे. काच गार झाली की आतल्या हवेतली वाफ तिच्यावर जमते, आणि ऊन लागले की पुन्हा त्याच हवेत मिसळते. पाणी केसमध्येच असते आणि पोलाद गंजत राहते. तांदूळ बाहेरच्या हवेतली थोडी ओल शोषू शकतात. बंद केसमधल्या ओलीपर्यंत ते पोहोचत नाहीत, उलट पीठ आणि धूळ उघड्या क्राऊनच्या फटीत शिरते. असले झटपट उपाय सुचवणाऱ्यांना दुरुस्तीचे बिल भरावे लागत नाही. धुके दिसले तर त्याच दिवशी घड्याळ कारागिराकडे न्यावे आणि केस उघडून वाळवायला सांगावे. समुद्राचे पाणी असेल, तर एक रात्रही थांबू नये.

माझी स्वतःची सवय साधी आहे. वेळ लावायची झाली की घड्याळ मनगटावरून उतरवतो, कारण हातात असताना क्राऊन ओढला की दांडीवर तिरपा ताण येतो. बंद करताना क्राऊन हलके दाबून आधी उलट दिशेने फिरवतो. आटे जुळल्याची बारीक ‘खट्’ बोटाला जाणवली की मगच सुलट आवळतो, म्हणजे आटे चढत नाहीत. रोज सकाळी घड्याळ बांधताना अंगठा एकदा क्राऊनवरून फिरतोच. वर्षातून एकदा दाबचाचणी करून घेतो. तिला फार वेळ लागत नाही.

पहिल्या ओरखड्यानंतर पॉलिश

नवे घड्याळ घेतल्यानंतर पहिला ओरखडा आला की नवशिक्यांची झोप उडते. थोड्याच दिवसांत ते पॉलिशची मागणी घेऊन दारात उभे राहतात. पॉलिश म्हणजे धातू घासून काढून टाकणे. केसच्या धारदार कडा, चकचकीत आणि ब्रश केलेल्या पृष्ठभागांमधली सरळ रेषा, पट्टा जोडणाऱ्या टोकांचा निमुळता आकार, हे सारे प्रत्येक वेळी थोडे थोडे झिजते. चार-पाच पॉलिश झालेले घड्याळ वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गोलसर दिसू लागते. लेझर वेल्डिंगने धातू पुन्हा भरता येतो, परंतु ते काम जाणकाराचे आणि महागडे आहे.

रोज घालायच्या घड्याळावर ओरखडे येणारच. सर्व्हिसिंगला देताना मी ‘पॉलिश नको’ असे लेखी देतो आणि इतरांनाही तेच सुचवतो, कारण अनेक ठिकाणी न विचारता पॉलिश केले जाते. ओरखडे फारच खुपत असतील, तर खरेदीच्या वेळीच ब्रश केलेल्या पोलादाचे घड्याळ निवडावे. काच नीलम स्फटिकाची असेल तर तिच्यावर सहसा ओरखडा उठत नाही. पदार्थांची कठीणता १ ते १० अशी सांगणाऱ्या ‘मोज’ (Mohs) मापात नीलम ९ वर आहे. ती आघाताने फुटू मात्र शकते.

आणखी काही चुका

रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत तारीख झटकन बदलण्याची सोय वापरू नये, कारण अनेक यंत्रांत त्या वेळी तारखेचे चाक गुंतलेले असते आणि दात मोडू शकतो. काटे फिरवून तारीख कोणत्या बाराला बदलते ते पाहावे, काटे सहाच्या आसपास आणावेत आणि मग तारीख लावावी.

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागले, तर आधी चुंबकत्वाचा संशय घ्यावा. टॅबलेटचे कव्हर, पिशवीचे चुंबकी बटण किंवा स्पीकर यांच्याशी चिकटून ठेवल्याने हेअरस्प्रिंगचे, म्हणजे यंत्राची गती ठरवणाऱ्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात. चुंबकत्व काढणारे यंत्र हे काम काही सेकंदांत करते. त्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे मोजू नयेत.

दर तासाला मोबाइलशी वेळ ताडून पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे की थोडा धीर धरावा. कॉस्क (COSC) या घड्याळांची अचूकता तपासणाऱ्या स्विस संस्थेचे प्रमाणपत्र मिळालेल्या यंत्रालाही सरासरी दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा असते. मी आठवड्यातून एकदा वेळ जुळवतो आणि मधल्या काळात त्याचा विचार करत नाही.

रोज घातल्या जाणाऱ्या ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या) घड्याळाला वाइंडरची, म्हणजे घड्याळ फिरवत ठेवणाऱ्या पेटीची, गरज नसते. हातोडी आणि ड्रिल चालवताना मात्र घड्याळ काढून ठेवावे.

बंद पडेपर्यंत सर्व्हिसिंग टाळणे

तासाला २८,८०० ठोके देणारे यंत्र वर्षाकाठी २५ कोटींहून अधिक ठोके देते. तेल सुकले तरी ते चालतच राहते, आणि तिथेच लोक फसतात. कोरड्या पिव्हटची झीज बाहेरून दिसत नाही. उत्पादकाने सांगितलेला काळ, जो बहुधा ५ ते १० वर्षांच्या दरम्यान असतो, तो पाळावा आणि त्याच वेळी गॅस्केट व पट्ट्याच्या स्प्रिंग पिनाही बदलून घ्याव्यात. पिनेचा भाग क्षुल्लक असतो, पण ती तुटली की सगळे घड्याळ जमिनीवर पडते.

घड्याळ एकच असल्यामुळे सर्व्हिसिंगचे ते काही आठवडे हात मोकळा राहतो, आणि नेमक्या याच कारणाने अनेक जण ते वर्षानुवर्षे पुढे ढकलतात किंवा अधीर होऊन दुसरे महागडे घड्याळ घेऊन बसतात. त्या काळासाठी एक साधे क्वार्ट्झ घड्याळ जवळ ठेवावे आणि कारागिराला घाई करू नये. जोडणी झाल्यावर यंत्र निरनिराळ्या स्थितींत काही दिवस चालवून तपासावे लागते, आणि ग्राहकाने तगादा लावला की सर्वांत आधी काटछाट होते ती याच तपासणीच्या दिवसांत.