योरुबा घरात वावरायचं तर: अभिवादन, बारसं, लग्न आणि बोली

योरुबा भाषा शिकायला बसलं की बहुतेक जण शब्दांच्या याद्या पाठ करायला घेतात. आधी अभिवादनं शिका. योरुबांच्या मुलखात, म्हणजे नैर्ऋत्य नायजेरियातल्या लागोस, ओगुन, ओयो, ओशुन, ओन्डो, एकिटी या राज्यांत, माणसाचं वळण ओळखतात ते तो थोरामोठ्यांशी कसा वागतो यावरून. व्याकरण चुकलं तर लोक हसून सोडून देतात. पण मोठ्या माणसाला न बोलता पुढे गेलात तर तुमच्या आईवडिलांचं वळण निघतं.

उच्चारात मराठी माणसाला थोडी सोय आहे. योरुबाच्या रोमन लिपीत खाली टिंब दिलेले दोन स्वर (ẹ, ọ) आपल्या ॲ आणि ऑ च्या जवळ जातात. अडचण येते ती ‘ग्ब’ आणि ‘क्प’ यांच्यात. ग आणि ब एकामागून एक म्हणू नका; ओठ मिटलेले आणि जिभेची मागची बाजू टाळूला टेकलेली, दोन्ही एकाच क्षणी सोडा. लिपीत नुसता p दिसतो तिथेही उच्चार क्पच आहे.

खरी मेहनत सुरांवर. सूर तीन: खालचा, मधला, वरचा. तिथले शिक्षक ते दो-रे-मी म्हणून शिकवतात. आपण सा-रे-ग म्हणून गुणगुणावं. ‘ऑकॉ’ रे-रे म्हटलं तर नवरा, रे-ग म्हटलं तर कुदळ, रे-सा म्हणजे गाडी आणि सा-सा म्हणजे भाला. मराठी माणूस प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट वर चढवतो. योरुबात तसं केलं की शब्दच बदलतो. नवा शब्द लिहून घेताना सूर सोडून लिहू नका, नंतर तो जोडता येत नाही.

अभिवादनाचा साचा सोपा आहे. ‘ॲ कु’ आणि पुढे वेळ किंवा प्रसंग. सकाळी ॲ काआरॉ, दुपारी ॲ काआसां, काम करणाऱ्याला ॲ कु इशॅ, बसलेल्याला ॲ कु इजोकोओ. समारंभात खर्च करणाऱ्या यजमानाला ॲ कु इनावो, बाळंतिणीच्या घरी ॲ कु एवु ऑमॉ. दुसऱ्या दिवशी भेटलात तर ॲ कु आना, म्हणजे कालच्याबद्दल आभार. हे न म्हणणारा पाहुणा कृतघ्न ठरतो. सुरुवातीचा ‘ॲ’ हा आपला अहो-जाहो आहे, तो फक्त बरोबरीच्या किंवा लहान माणसासमोर गाळायचा. शब्दांबरोबर शरीरही झुकतं: मुलगे लोटांगण घालतात, मुली गुडघे टेकतात. परक्याकडून इतकी अपेक्षा नसते, कमरेतून नीट वाकलात तरी चालतं. देणं-घेणं मात्र उजव्या हातानेच.

नात्यांत वयाचा क्रम सगळ्याच्या वर. ‘ॲग्बॉन’ म्हणजे वयाने मोठं भावंड, ‘आबुरो’ म्हणजे धाकटं. मुलगा की मुलगी हे त्यात येतच नाही, म्हणून दादा-ताई शोधत बसू नका. मोठ्यांना नावाने हाक मारत नाहीत; बाई असेल तर मुलाच्या नावावरून ‘इया अमुक’, म्हणजे अमुकची आई. लग्न होऊन आलेली सून परंपरेने तिच्या लग्नाआधी त्या घरात जन्मलेल्या प्रत्येकाहून धाकटी धरतात, मग समोर शाळकरी दीर का असेना. त्यालाही ती आदरानेच बोलते.

बारसं

इसॉमॉलोरुकॉ आठव्या दिवशी, बहुधा सकाळी लवकर. जन्मदिवस पहिला धरून मोजतात, म्हणून सोमवारी जन्मलेल्या बाळाचं बारसं पुढच्या सोमवारी. इथे हमखास एका दिवसाचा घोळ होतो. नाव आधी विचारू नका, ते त्या दिवशीच जाहीर होतं.

ताटात पाणी, मीठ, मध, पाम तेल, ओबी (कोला नट), ओरोग्बो (कडू कोला) आणि अताऱे नावाची दाणेदार मिरी असते. वडीलधारी व्यक्ती एकेक वस्तू उचलून प्रार्थना म्हणते, बाळाच्या ओठांना जराशी लावते आणि मग ती जमलेल्यांत फिरते. मध गोड आयुष्यासाठी, अताऱे भरपूर लेकरांसाठी, ओरोग्बो म्हातारपणापर्यंत जगण्यासाठी, ओबी मरण आणि आजार परतवण्यासाठी. ओबी आणायला सांगितलं तर नीट पाहून घ्या: विधीला ‘ओबी आबाता’ लागतो, ज्याच्या चार पाकळ्या सुटतात. बाजारात सहज मिळणारा दोन पाकळ्यांचा ‘ग्बांजा’ घेऊन गेलात तर तो बाजूला ठेवला जाईल. वाटणीत आलेला ओरोग्बो कडूजहर लागतो, तरी तोंड वाकडं करू नका.

पाण्याच्या वाडग्यात पैसे टाकून आजी-आजोबा आणि नातेवाईक आपापलं नाव देतात, त्यामुळे एका बाळाला पाच-सहा नावं सहज होतात. काही नावं मात्र जन्मासोबतच ठरलेली. जुळ्यांत आधी येतो तो तायवो, नंतरचा केहिंदे. आणि मोठा मानतात तो केहिंदेला, कारण तायवोला त्याने जग चाखून बघायला पुढे धाडलं. त्यांच्यानंतरचं मूल इदोवु. पायाळू बाळ इगे, पालथं जन्मलेलं आजायी. आजोबा वारल्यानंतर झालेला मुलगा बाबातुंदे.

लग्न

आधी दोन्ही घरांची ओळख, मग ‘इदाना’, म्हणजे परंपरागत विधी. सूत्रं दोन बायकांच्या हाती: वरपक्षाची ‘अलागा इदुरो’ आणि वधूपक्षाची ‘अलागा इजोको’. उशीर केला, गाणं चुकलं की त्या खेळीमेळीत दंड लावतात, म्हणून वरपक्षाने सुट्या नोटांची थप्पी जवळ ठेवावी. नवरदेव आणि मित्र सासरच्यांपुढे पूर्ण लोटांगण घालतात. कन्यामूल्याची रक्कम वधूचे वडील बऱ्याचदा परत करतात. ती परत आली तर अपमान समजू नये.

‘आशॉ एबी’ म्हणजे त्या दिवसासाठी नातेवाईकांनी ठरवलेलं एकसारखं कापड. ते घराण्याकडूनच विकत घ्यायचं, आणि शिवायला वेळ लागतो म्हणून लवकर. नाचणाऱ्यावर नोटा उधळण्याची पद्धत जुनी असली तरी २००७ च्या मध्यवर्ती बँक कायद्याच्या कलम २१ खाली तो गुन्हा आहे. किमान सहा महिने कैद, किमान ५०,००० नायरा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पाकिटात घालून द्या.

बोली

शाळेत, बातम्यांत चालते ती प्रमाण योरुबा, मुख्यतः ओयोच्या बोलीवर उभी. तीच आधी पक्की करा. मग घरच्यांना त्यांचं मूळ गाव विचारा. लागोसात जन्मलेला माणूसही इजेबू किंवा एकिटीतलं गाव सांगेल, आणि आजीची बोली तिथली असेल. एकिटीत प्रमाण शब्दांच्या सुरुवातीचा ‘इ’ अनेकदा ‘उ’ होतो: इले (घर) चं उले, इशॅ (काम) चं उशॅ. हा एक नियम कानात बसला की आजीची निम्मी वाक्यं उलगडतात. तिकडच्या बोलीत आदरार्थी ‘ॲ’ प्रमाण भाषेइतका काटेकोर पाळत नाहीत. म्हणून तिथे ऐकलेलं एकेरी बोलणं उचलून ओयो राज्यातल्या इबादानच्या काकांसमोर वापरायचं नाही.