संख्येचे सगळे विभाजक, एकही न सुटता: भरतीचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

पोलीस भरतीच्या लेखीला १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला धड मिनिटही येत नाही, आणि अशात '३६० चे एकूण विभाजक किती' असं आलं की नवीन पोरं दोनच गोष्टी करतात, एकतर १ पासून सुरू करून मनातल्या मनात भागत सुटतात आणि पंधराच्या आसपास कुठेतरी वाट चुकतात, नाहीतर व्हिडिओत पाहिलेला फॉर्म्युला (प्रत्येक मूळ अवयव किती वेळा येतो त्यात एक मिळवायचा आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा) आठवत बसतात आणि तो अर्धाच आठवतो, त्यातलं 'एक मिळवायचा' हे नेमकं विसरलेलं असतं. मी तालुक्याच्या अभ्यासिकेत संध्याकाळी ज्युनियर पोरापोरींना गणित सांगतो, माझी स्वतःची तयारीही तिथेच झाली, त्यामुळे हे रोजचं बघण्यातलं आहे. माझं मत काही जणांना पटत नाही पण तरी सांगतो, पहिला महिना फॉर्म्युल्याला हातच लावू नका, यादी हाताने लिहायला शिका. यादी नीट लिहिता आली की मसावि, वर्गसमीकरण, बाकी उरण्याची उदाहरणं हे सगळं त्यातूनच सुटतं, आणि फॉर्म्युला फक्त चेक करायला उरतो.

तर यादी कशी लिहायची. विभाजक कधी एकटा येत नाही, जोडीदार घेऊनच येतो. ३६० ला ८ ने भाग गेला आणि उत्तर ४५ आलं, म्हणजे ८ पण विभाजक आणि ४५ पण विभाजक, एका भागाकारात दोन मिळाले. म्हणून रफ पानावर मध्ये एक उभी रेघ मारा, डावीकडे लहान संख्या, उजवीकडे तिची जोडीदार. १ – ३६०, २ – १८०, ३ – १२०, ४ – ९०, ५ – ७२, ६ – ६०, ७ जात नाही, ८ – ४५, ९ – ४०, १० – ३६, ११ नाही, १२ – ३०, १३ नाही, १४ नाही, १५ – २४, १६ नाही, १७ नाही, १८ – २०, १९ नाही, आणि आता पुढचा २०, तो तर उजवीकडे आधीच बसलाय. थांबा इथे. १२ जोड्या झाल्या, २४ विभाजक. आता डावी बाजू वरून खाली आणि उजवी खालून वर वाचली की चढत्या क्रमात सगळी यादी आयती तयार.

थांबायचं कुठे हे कळणं हीच यातली खरी कमाई आहे. १८ चा वर्ग ३२४, १९ चा वर्ग ३६१, म्हणजे ३६० चं वर्गमूळ १९ च्या किंचित अलीकडे, त्याच्या पुढे नवीन काहीच सापडणार नाही कारण दोन्ही जोडीदार १९ किंवा त्याहून मोठे असले तर गुणाकार ३६० च्या वर जाईल. एवढं डोक्यात बसलं तर ३६० भागाकारांच्या जागी १८ च करावे लागतात आणि त्यातलेही निम्मे कसोट्यांनी बघता बघता होतात. आणि संख्या पूर्ण वर्ग असली, समजा १४४, तर शेवटची जोडी १२ – १२ येते, ती एकदाच धरायची, म्हणून १४४ चे विभाजक १५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची एकूण संख्या नेहमी विषम असते आणि बाकी कुठल्याही संख्येच्या विभाजकांची सम, त्यामुळे ऑप्शन बघूनच दोन उडवता येतात कधीकधी. (कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये तो १०० दरवाजांचा प्रश्न विचारतात ना, पहिला माणूस सगळे दरवाजे उघडतो, दुसरा दर दुसरा बंद करतो, तिसरा दर तिसरा उलटवतो, असं शंभरपर्यंत, शेवटी उघडे किती, त्याचं उत्तर १० येतं ते याच कारणाने, दरवाजाच्या नंबरचे जितके विभाजक तितक्या वेळा तो हलतो आणि विषम वेळा हलला तरच उघडा राहतो. १ ते १०० मध्ये पूर्ण वर्ग दहाच.)

कसोट्या २, ३, ५, ९ च्या सगळ्यांना येतात. ४ ला शेवटचे दोन अंक बघायचे, ८ ला शेवटचे तीन, ६ ला २ आणि ३ दोन्ही लागू पाहिजे. ११ ला एकाआड एक अंकांच्या बेरजा करून वजाबाकी करायची, ० किंवा ११ च्या पटीत आली की भाग जातो. ७ ची कसोटी पुस्तकात असते पण तीन अंकी संख्येला सरळ भागूनच बघा, तेच लवकर होतं असं मला वाटतं. मोठ्या संख्येला मात्र कामाची आहे: शेवटचा अंक काढून घ्या, त्याची दुप्पट उरलेल्यातून वजा करा. १००१ मध्ये १०० वजा २, आले ९८, ७ ने जातो, म्हणजे १००१ ला पण जातो.

आता सगळ्यात जास्त दिसणारा गोंधळ. विभाजक काढा म्हटलं की पोरं उभी मांडणी करतात, ३६० ला २, १८० ला २, ९० ला २, ४५ ला ३, १५ ला ३, मग ५, आणि उत्तर लिहितात २, २, २, ३, ३, ५. हे मूळ अवयव झाले, विभाजकांची यादी नाही झाली, पण म्हणून ती मेहनत वायाही गेली नाही. प्रत्येक विभाजक म्हणजे याच मालातून काहीतरी उचलून केलेला गुणाकार. २ तीन वेळा आहे, त्यातले घ्यायचे ०, १, २ किंवा ३, म्हणजे चार पर्याय. ३ दोन वेळा आहे, घ्यायचे ०, १ किंवा २, तीन पर्याय. पाच एकच, घ्या किंवा सोडा, दोन पर्याय. चार गुणिले तीन गुणिले दोन, चोवीस. फॉर्म्युल्यातला तो 'एक मिळवायचा' इथून येतो, एकही न उचलणं हाही एक पर्याय असतो म्हणून. काहीच उचललं नाही तर १ मिळतो, सगळं उचललं तर ३६०. हे एकदा समजलं की फॉर्म्युला विसरला तरी जागेवर तयार करता येतो.

आणि मग त्याच प्रश्नाची पिल्लं येतात ती पण सुटतात. ३६० चे विषम विभाजक किती? २ अजिबात उचलायचा नाही, उरले ३ गुणिले २, सहा. सम किती? २४ वजा ६, अठरा. पूर्ण वर्ग असलेले किती? प्रत्येक मूळ अवयव जोडीनेच उचलायचा, मग १, ४, ९, ३६, चारच. १२ ने भाग जाणारे विभाजक किती? ३६० ला १२ ने भागा, ३० आले, ३० चे विभाजक मोजा, आठ. हा शेवटचा माझा सगळ्यात आवडता, कारण लांबचलांब दिसणारा प्रश्न दहा सेकंदात संपतो.

एक संख्या मी नवीन बॅचला हमखास देतो, ६१७४. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेले द. रा. कापरेकर (१९०५ ते १९८६) यांच्या नावाने जगभर ओळखली जाते ती. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची वजा करा, परत तेच, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतेच. पोरांना हे खोटं वाटतं म्हणून ती स्वतः करून बघतात आणि त्या नादात वजाबाकीची प्रॅक्टिस होते, तो फायदा वेगळाच. पण आपलं काम विभाजकांचं. २ ने ३०८७, मग ३ ने १०२९, परत ३ ने ३४३, आणि ३४३ म्हणजे ७ चा घन. २ एकदा, ३ दोनदा, ७ तीनदा, २ गुणिले ३ गुणिले ४, पुन्हा चोवीसच. एवढ्या मोठ्या संख्येची यादी १ पासून चढत लिहू नका, वैताग येईल. आधी ७ बाजूला ठेवून १८ चे विभाजक लिहा: १, २, ३, ६, ९, १८. त्याखाली याच ओळीला ७ ने गुणून दुसरी ओळ: ७, १४, २१, ४२, ६३, १२६. मग ती ओळ परत ७ ने: ४९, ९८, १४७, २९४, ४४१, ८८२. आणि शेवटची ३४३, ६८६, १०२९, २०५८, ३०८७, ६१७४. चार ओळी, सहा रकाने, एकही सुटायला जागा नाही.

आता मूळ वाटणाऱ्या पण मूळ नसलेल्या संख्या. इथे मार्क जातात. ५१, ५७, ८७ यांची अंकांची बेरीज केली की ३ पकडला जातो, पण ९१, ११९, १३३, १४३, १६१, २२१, २४७, २९९, ३२३ या फसव्या आहेत. यावर उपाय जुनाच, ३० पर्यंत पाढे, तोंडाने मोठ्याने म्हणून. 'तेरा सत्ते एक्क्याण्णव' ज्याच्या कानात बसलंय त्याला ९१ फसवू शकत नाही. उरलेल्या: ११९ म्हणजे ७ × १७, १३३ म्हणजे ७ × १९, १४३ म्हणजे ११ × १३, १६१ म्हणजे ७ × २३, २२१ म्हणजे १३ × १७, २४७ म्हणजे १३ × १९, २९९ म्हणजे १३ × २३, ३२३ म्हणजे १७ × १९. एक अजून युक्ती, संख्या एखाद्या पूर्ण वर्गाच्या जरा खाली असेल तर वजा करून बघा. २४९१ घ्या, ५० चा वर्ग २५००, त्यातून ९ कमी, आणि ९ हा ३ चा वर्ग, म्हणजे (५० – ३)(५० + ३), ४७ × ५३. भागाकार करत बसलात तर ४७ पर्यंत जावं लागलं असतं. ही रीत आपल्याकडे जुनी आहे, चौदाव्या शतकातल्या नारायण पंडितांच्या 'गणितकौमुदी'त विभाजक शोधण्यासाठी ती दिलेली आहे.

पेपर काढणाऱ्यांना चालू वर्षाची संख्या आवडते, म्हणून दरवर्षी जानेवारीतच तिचे अवयव पाडून ठेवा. २०२५ म्हणजे ४५ चा वर्ग, विभाजक १५. २०२६ म्हणजे २ × १०१३, आणि १०१३ मूळ आहे, म्हणून फक्त चार. मूळ आहे हे कसं ठरवलं? १०१३ चं वर्गमूळ ३१ च्या थोडं पुढे, म्हणून ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांनीच भागून बघायचं, त्या फक्त ११ आहेत, सगळ्यांना बाकी उरते. २०२७ स्वतःच मूळ, विभाजक दोन.

यादी कुठे कुठे उपयोगी पडते तेही थोडक्यात. '१२७ ला कोणत्या संख्यांनी भागल्यास बाकी ७ उरते, अशा संख्या किती' हा प्रश्न बघून निम्मे जण सोडून देतात. १२७ मधून ७ काढा, १२०. म्हणजे ती संख्या १२० ची विभाजक, आणि भाजक बाकीपेक्षा मोठा असायलाच पाहिजे म्हणून ७ पेक्षा मोठी. १२० चे विभाजक १६, त्यातले १ ते ६ हे सहा उडाले, उत्तर १०. ऑप्शनमध्ये १६ मुद्दाम ठेवलेला असतो, दुसरी अट विसरणाऱ्यांसाठी. दोन संख्यांचे सामाईक विभाजक विचारले तर दोन याद्या लिहू नका, मसावि काढा आणि त्याचे विभाजक लिहा. ८४ आणि ३६० चा मसावि १२, सामाईक विभाजक सहा. आणि दहावीचं वर्गसमीकरण, गुणाकार ६० आणि फरक ७ असलेल्या दोन संख्या शोधा, तिथेही तीच रेघ मारून ६० च्या जोड्या लिहायच्या, १ – ६०, २ – ३०, ३ – २०, ४ – १५, ५ – १२, सापडली.

कोडिंगकडे वळलेली काही पोरं विचारतात म्हणून, लूप संख्येपर्यंत नका चालवू, काउंटरचा वर्ग संख्येपेक्षा मोठा होईपर्यंतच चालवा, भाग गेला की प्रत्येक वेळी दोन्ही जोडीदार यादीत टाका, दोघे सारखे असतील तर एकदाच.

रोजच्या प्रॅक्टिसला बसच्या तिकिटावरचा नंबर घ्या, गाड्यांच्या नंबरप्लेट घ्या, काहीही चालतं. सुरुवातीला या घ्या: ८४, ९६, १९६, ३२३, ७२०, १००१. आधी रेघ मारून जोड्या लिहा, मग मूळ अवयवांवरून संख्या ताडून बघा. उत्तरं क्रमाने १२, १२, ९, ४, ३० आणि ८ यायला पाहिजेत. ७२० मध्ये जोडी सुटली तर बहुतेक १६ – ४५ किंवा १८ – ४० सुटली असेल, तिथेच आधी बघा.