पोह्यांच्या बिलापासून सुरुवात: वेब पान हलतं-बोलतं करण्याचे छोटे उद्योग

एचटीएमएल आणि सीएसएस शिकून झालं की पान दिसायला लागतं. मथळा येतो, फोटो येतो, रंगही मनासारखे बसतात. पण बटण दाबलं तर काहीच होत नाही. तिथून पुढे जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा लागते, आणि इथेच बरेच जण एखादी लांबलचक व्हिडिओमालिका लावून बसतात, शेअर बाजाराचा तक्ता किंवा हवामानाचं ॲप जसंच्या तसं उतरवून काढतात, आणि ते बिघडलं की हात टेकतात.

माझं म्हणणं सोपं आहे: पहिले प्रकल्प अशा विषयांवर करा ज्याचं उत्तर तुम्हाला तोंडी येतं. ब्राउझर चुकीचं उत्तरसुद्धा बरोबर असल्यासारखंच निमूटपणे दाखवतो. हवामानाचा आकडा चुकला तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. पण इंदुरात वाढलेल्या माणसाला दोन प्लेट पोहे आणि एक प्लेट जिलबीचे किती झाले, हे कुणी सांगावं लागत नाही.

आधीची जुळवाजुळव

लॅपटॉप, ब्राउझर आणि नोटपॅड एवढं पुरे. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर फुकट मिळतो आणि आज्ञा अर्धी टाइप केली की उरलेली सुचवतो, म्हणून तो घेतला तर बरं. आज्ञांची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, पण फाइलमध्ये ती रोमन अक्षरांतच जातात, आणि स्मॉलच्या जागी कॅपिटल किंवा उलट तिथे चालत नाही.

एक फोल्डर करा, त्यात इंडेक्स नावाची एचटीएमएल फाइल. नोटपॅड वापरत असाल तर सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर मागे टीएक्सटी चिकटतं आणि ब्राउझर तुमचा कोडच मजकूर म्हणून दाखवतो. हेड टॅगच्या आत मेटा चारसेट यूटीएफ-८ ही ओळ विसरू नका. ती नसेल तर मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं उमटू शकतात. मग फाइलवर डबल-क्लिक करा आणि एफ-१२ दाबून कन्सोल उघडा. चूक झाली की लाल ओळ तिथे येते. ती वाचायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

पोहे-जिलबीचं बिल

पानावर आकड्यांच्या तीन चौकटी टाका: पोह्यांच्या प्लेटा, जिलबीच्या प्लेटा आणि पार्सलचा खर्च. त्यांच्याखाली एक बटण आणि एक रिकामा परिच्छेद. प्रत्येकाला आयडी द्या. आयडी चक्क देवनागरीत दिला तरी चालतो. ‘पोहे’, ‘जिलबी’, ‘पार्सल’, ‘बिल’. जावास्क्रिप्टमधल्या व्हेरिएबलची, म्हणजे माहिती साठवायच्या डब्यांची, नावंही देवनागरीत ठेवता येतात. नोकरीच्या ठिकाणी कुणी तसं करत नाही, पण शिकताना कोणता शब्द भाषेचा आणि कोणता आपला, हे एका नजरेत कळतं.

आता स्क्रिप्ट टॅग, आणि तो बॉडी संपायच्या अगदी आधी. ब्राउझर पान वरून खाली वाचत येतो. स्क्रिप्ट वर राहिली तर ती चालते तेव्हा बटण अजून जन्मालाच आलेलं नसतं. शोधायला गेलात की ‘नल’ हातात येतं आणि कन्सोल लाल होतो. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं.

स्क्रिप्टमध्ये तीन कामं करायची. पहिलं शोधणं: डॉक्युमेंटला ‘गेट एलिमेंट बाय आयडी’ सांगून बटण आणि चौकटी हातात घ्या. दुसरं कान देणं: बटणावर ‘ॲड इव्हेंट लिसनर’ लावा (इव्हेंटचा ई आणि लिसनरचा एल कॅपिटल), त्याला ‘क्लिक’ हा शब्द आणि एक फंक्शन, म्हणजे आज्ञांचा एक गठ्ठा, द्या. तिसरं दाखवणं: फंक्शनच्या आत हिशोब करा आणि उत्तर परिच्छेदाच्या ‘टेक्स्ट कंटेंट’मध्ये टाका. पुढचा प्रत्येक प्रकल्प याच तीन कामांवर उभा राहतो.

हिशोबासाठी पोह्यांची प्लेट २० रुपये आणि जिलबीची ३० रुपये धरू. भाव तुमच्या गल्लीतला घाला. पोहे गुणिले २०, अधिक जिलबी गुणिले ३०, अधिक पार्सल. चौकटीत २, १ आणि १० भरा, बटण दाबा. पानावर येईल ७०१०.

पोह्यांवर जिरावण मसाला आणि शेव कितीही जास्त घातली तरी एवढं बिल इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीतही होत नाही. झालं काय, तर चौकटीतली ‘व्हॅल्यू’ आकडा नसते, मजकूर असते. गुणाकार करताना जावास्क्रिप्ट त्या मजकुराचा आपणहून आकडा करते, म्हणून ४० आणि ३० बरोबर आले आणि त्यांची बेरीज ७० झाली. अधिक चिन्हाला मात्र दोन अर्थ आहेत: आकड्यांची बेरीज किंवा मजकुराची जोडणी. एका बाजूला मजकूर दिसला की ते जोडणी करतं. ७० च्या शेपटीला १० चिकटलं. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत ही भाषा जेमतेम १० दिवसांत उभी केली; नंतर तिच्या खोडी काढायला गेलं तर जुनी पानं मोडतात, म्हणून त्या राहिल्या त्या राहिल्याच.

उपाय एका शब्दाचा आहे. प्रत्येक व्हॅल्यूला ‘नंबर’ या फंक्शनच्या कंसात घाला. उत्तर ८० येईल. शंका असेल तर कन्सोलमध्ये ‘टाइपऑफ’ लिहून त्या व्हॅल्यूचा प्रकार विचारा. ‘स्ट्रिंग’ आलं तर मजकूर, ‘नंबर’ आलं तर आकडा.

आता मराठी माणसालाच भेटणारी अडचण. चौकट साध्या मजकुराची ठेवली आणि कुणी फोनवरच्या मराठी कीबोर्डने ४ हा देवनागरी आकडा घातला, तर ‘नंबर’ फंक्शनला तो ओळखता येत नाही. ते ‘नॅन’ परत करतं, म्हणजे ‘हा आकडा नव्हे’. इंग्रजी पुस्तकांतून शिकणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे, एकाचा २४०७, आणि असंच नऊपर्यंत. म्हणून प्रत्येक देवनागरी अंकाचा ‘चार कोड ॲट’ने क्रमांक काढा, त्यातून २४०६ वजा करा, हवा तो अंक मिळतो. ‘रिप्लेस’ फंक्शनमध्ये एका ओळीत हे बसतं.

उत्तर दाखवताना उलटा प्रवास फुकट होतो. ‘टू लोकेल स्ट्रिंग’ला ‘एमआर-आयएन’ दिलं की आकडा देवनागरीत येतो आणि स्वल्पविराम लाख-हजारांच्या जागी पडतो. मुंजीची ५०० प्लेटांची ऑर्डर टाकून बघा.

शेवटी एक छोटा बदल. ‘क्लिक’च्या जागी ‘इनपुट’ लिहा आणि लिसनर बटणाऐवजी चौकटींवर लावा. आकडा भरता भरता बिल बदलायला लागतं, आणि बटणाची गरजच संपते.

मराठी-हिंदी बटण

इंदूरच्या मराठी घरांत हे खरंच उपयोगी पडतं. आजी-आजोबांना गणेशोत्सवाचं निमंत्रण मराठीत हवं, शेजारच्या शर्माजींना हिंदीत, आणि घरातली मुलं कशात वाचतील याचा नेम नाही.

दोन्ही भाषांतला मजकूर एका ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे नावांचे कप्पे असलेल्या डब्यात, ठेवा: ‘एमआर’ खाली मराठी, ‘एचआय’ खाली हिंदी, आणि दोन्हीकडे ‘मथळा’, ‘वेळ’, ‘पत्ता’ अशा सारख्याच किल्ल्या, म्हणजे कप्प्यांची नावं. पानावरच्या ज्या घटकात जे यायला हवं, त्याला ‘डेटा’ने सुरू होणाऱ्या ॲट्रिब्यूटमधून ती किल्ली द्या. बटण दाबलं की ‘क्वेरी सिलेक्टर ऑल’ने असे सगळे घटक गोळा करायचे, ‘फॉर ईच’ने एकेकापाशी जायचं आणि त्याचा मजकूर बदलायचा. उद्या गुजराती जोडायची तर फक्त ऑब्जेक्टमध्ये भर पडते, कोड तसाच.

मजकुराबरोबर एचटीएमएल टॅगचं ‘लँग’ ॲट्रिब्यूटही बदला. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात, आणि काही देवनागरी फॉन्ट हे ॲट्रिब्यूट पाहूनच योग्य वळण निवडतात. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर उच्चारही त्यावरून ठरवतात.

बाप्पा यायला किती दिवस

२०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. ‘न्यू डेट’ला वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे द्या, फक्त महिने शून्यापासून मोजले जातात, त्यामुळे सप्टेंबरसाठी ८ लिहायचं. ९ लिहिलंत तर बाप्पा ऑक्टोबरात येतील. तारीख ‘वर्ष-महिना-दिवस’ अशी अवतरणात दिली तर महिना नेहमीसारखा ०९ लिहायचा, पण मग ती ग्रीनिच वेळेची धरली जाते आणि आपल्याकडे मोजणी मध्यरात्रीऐवजी पहाटे साडेपाचला संपते. म्हणून तीन आकड्यांचीच पद्धत बरी.

त्या तारखेतून आत्ताची वेळ वजा केली की मिलिसेकंद मिळतात. त्यांना ८,६४,००,००० (एका दिवसाचे मिलिसेकंद) ने भागा आणि अपूर्णांक गाळणारं ‘मॅथ डॉट फ्लोअर’ लावा, दिवस आले. तास-मिनिटं तसेच. ‘सेट इंटरव्हल’मध्ये १००० दिलं की दर सेकंदाला आकडा बदलतो. दर वेळी नुसतं एक वजा करत जाऊ नका, पूर्ण हिशोब नव्याने करा. टॅब मागे गेला की ब्राउझर अशा घड्याळांना हळू करतो आणि वजा करत जाणारी मोजणी मागे पडते. शून्य गाठलं की ‘क्लिअर इंटरव्हल’, आणि आकड्याच्या जागी ‘मोरया!’

तयारीची यादी

मंडप, ढोल, प्रसाद, लाइटवाला. चौकटीत काम लिहायचं, बटण दाबलं की यादीत ओळ वाढली पाहिजे: ‘क्रिएट एलिमेंट’ने नवी ओळ बनवा, तिच्यात मजकूर भरा, ‘अपेंड’ने यादीला जोडा. मजकूर भरायला ‘इनर एचटीएमएल’ वापरू नका. चौकटीत कुणी टॅग लिहिला तर तो तुमच्या पानाचा भाग होऊन बसतो. ओळीवर क्लिक झालं की ‘क्लास लिस्ट’च्या ‘टॉगल’ने काट मारा. रात्रीसाठी काळं पान करायचं असेल तर तेही याच टॉगलने, बॉडीवर.

पान रिफ्रेश केलं की यादी गायब होते. ती टिकवायला ‘लोकल स्टोरेज’, म्हणजे ब्राउझरची स्वतःची साठवण, वापरा, पण तिथे फक्त मजकूर राहतो, म्हणून यादी ठेवताना तिचा मजकूर करणारं ‘जेसन स्ट्रिंगिफाय’ आणि काढताना त्याची पुन्हा यादी करणारं ‘जेसन पार्स’. जागा साधारण ५ एमबी मिळते.

एवढ्यावर प्रश्नमंजूषा जमायला हरकत नाही: पर्यायांची बटणं, बरोबर उत्तरावर गुण. पहिला प्रश्न ‘अहिल्याबाईंची राजधानी कोणती’ हा ठेवा. राजवाड्यासमोर राहणारे बरेच जण इंदूर दाबतील, उत्तर महेश्वर आहे.

पान लोकांना दाखवायचं तर गिटहब पेजेस या पानं इंटरनेटवर ठेवणाऱ्या सेवेवर ते फुकट चढवता येतं. तयारीच्या यादीची एक मर्यादा तेव्हा कळेल: लोकल स्टोरेज ज्याच्या त्याच्या ब्राउझरपुरतं असतं. तुम्ही ‘मंडप’वर काट मारलीत तरी मंडळाच्या खजिनदाराला ती दिसणार नाही. सगळ्यांना एकच यादी दिसायला सर्व्हर, म्हणजे ती एका जागी ठेवणारा संगणक, लागतो. तोवर यादी एकाच फोनवर ठेवा, आणि तो फोन कुणाचा, हे मंडळाच्या बैठकीत ठरू द्या.